तीन उकाळ्यांचा हंडा

मी हंडा बोलतोय. तांब्याचा न्हाई, पितळेचाही न्हाई; चांगल्या जाड स्टीलचा, वीस लिटरचा, खाली तोटी असलेला, विजेवर तापणारा. अंबडला संतोषबाईंच्या ओट्यावर असतो. आधीच सांगून ठेवतो, मला हळू बोलता येत न्हाई. तापल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघत न्हाई, अन् एकदा तापलो की झाकण जाग्यावर राहत न्हाई. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जालन्याचा. जालना म्हणजे लोखंडाचं गाव. गावोगावचं भंगार ट्रकात भरून इथं येतं, भट्टीत वितळतं अन् सळई होऊन बाहेर पडतं. ज्या शेडमध्ये मला ठोकून-वाकवून गोल केलं, तिथून त्या भट्ट्यांची धुराडी दिसायची. म्हणजे जन्मल्या जन्मल्या मरण कुठं असतं ते मी बघून घेतलं. त्यामुळंच असंल, जगायची खुमखुमी माझ्यात पहिल्यापासून आहे.

शेड मच्छिंद्रचं. दुधाचे कॅन, हॉटेलचे बॉयलर, पंगतीची मोठी भांडी, सगळं तो करायचा. माणूस कामाला पक्का, पण तोंडाला कुलूप न्हाई. मनात आलं की ओठावर.

त्याच्याकडं एक दिवस हर्ष आला. अंबडच्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान असलेल्या जिनेंद्रसेठचा हा मुलगा, पुण्याला कंपनीत नोकरीला. मोबाईलवर चित्र दाखवून म्हणाला, "काका, असा एक हंडा बनवून पाहिजे."

"कशाला?"

हर्षनं इकडंतिकडं बघितलं. "घरच्या घरी बियर करायची आहे."

मच्छिंद्रनं हातातला हातोडा खाली ठेवला. "तुम्ही जैन ना हो?"

"म्हणून तर अंबडला न करता पुण्याला करणार."

दोघंही हसले. मंग खरी चर्चा निघाली, अन् ती माझ्या नशिबाची होती. मला तापवणारी कॉईल कशी बसवायची? मच्छिंद्र म्हणाला, "दोन तऱ्हा आहेत. एक तर बुडाखाली चिकटवायची, वरून पत्रा मारायचा अन् चौफेर वेल्ड करून टाकायचं. आतून हंडा कोरा, धुवायला सोपा, गळायचं नाव न्हाई. पण जळाली की हंड्यासकट गेली. दुसरी तऱ्हा म्हणजे पोटाला भोक पाडून आत सोडायची अन् बाहेरून नट आवळायचा. त्यात वायसर आला, गळती आली, कॉईलवर क्षार चढणं आलं. पण जळाली तर काढा अन् दुसरी लावा."

"तुम्ही घरी कोणती लावली असती?"

"मला विचाराल तर पहिली. चांगल्या भांड्याला भोक पाडायचं माझ्या जिवावर येतं."

हर्षलाही तेच पाहिजे होतं. उघड्या कॉईलला जव चिकटतो अन् करपतो, असं त्यानं कुठंतरी वाचल्तं. झालं, दोघांचं एकमत झालं. माझी कॉईल बुडाखाली कायमची बंद करून टाकली. उकळी आली की आपोआप बंद होणारं एक बटणही बसवलं. माझं मत कुणी विचारलं न्हाई. जन्मताना कुणाला विचारतात?

पुण्यात मी बियर केली का? ऐका. एका रविवारी हर्षनं माझ्यात जव टाकून पाणी उकळायला ठेवलं अन् स्वतः मोबाईल घेऊन बसला. उघड्या कॉईलला चिकटू नये म्हणून एवढा आटापिटा केल्ता, पण ढवळायचंच विसरला, म्हणून जव बुडाला लागला. वास सगळ्या सोसायटीत. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या अन् विचारायला लागल्या, बाळा, खीर करपली का? हर्षनं सगळं ओतून दिलं. परवान्याची काय भानगड असते तेही त्याला त्याच दिवशी कळलं. यीस्टची पुडी फोडलीच न्हाई. मला मात्र त्यानं काथ्यानं घासून लख्ख केलं अन् गॅलरीत ठेवलं, झाकणावर कोरफडीची कुंडी. तिथं मी नुसता बसून राह्यलो. रिकाम्या पोटी बसण्यासारखी दुसरी शिक्षा न्हाई.

तिथून मला सोडवलं ते संतोषबाईंच्या तपानं.

संतोषबाई म्हणजे हर्षची आई. त्या वर्षी चैत्रात त्यांनी वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. उपासाला फक्त पाणी, तेही उजेड असेपर्यंत, अन् तेही पक्कं. म्हणजे गाळून घेतलेलं, तीन उकाळे आलेलं. एक उकाळा आला की पाणी कच्चंच, दुसऱ्यालाही कच्चंच, तिसरा आला की पक्कं. या हिशेबात सूट न्हाई.

अडचण हाताची होती. संतोषबाईंचा उजवा हात कापतो. चहाचा कप धरला तर बशीत आधी थोडा सांडतो. तप सुरू झाल्यावर काही दिवसांतच गॅसवरून पाण्याचं पातेलं उतरवताना हात हलला अन् उकळतं पाणी पायावर आलं. पाय बरा झाला, पण जिनेंद्रसेठ हबकले. म्हणाले, "गॅसला हात लावायचा न्हाई. अन् हे तप बी सोडून दे. देव काय म्हणत न्हाई, की पाय भाजून घे."

"तप सोडायला धरलं न्हाई," संतोषबाई म्हणाल्या.

"मंग पाणी मी उकळून देतो रोज."

"दोनचार दिवस द्याल. मंग दुकानात गिऱ्हाईक असंल, मंग लग्नाला जायचं असंल, अन् मंग रोज माझ्या पाण्यावरून घरात कटकट. मी तप करायचं अन् तुम्ही चिडचिड करायची, त्याचं पाप कोणाच्या खात्यात? माझं पाणी मी करीन."

एवढीच बाईंची जिद्द होती. तप पुरं करायचं, अन् आपलं पाणी आपल्या हातानं करून करायचं. हर्षला हे फोनवर कळलं, त्याला मी आठवलो. उचलायचं न्हाई, उतरवायचं न्हाई. वरून पाणी ओता, बटण दाबा, गार झालं की तोटी सोडा. पुढल्या शनिवारी तो मला घेऊन अंबडला आला.

"हे काय आणलं रे?" संतोषबाईंनी माझ्या पोटावर टिचकी मारली.

"पाणी उकळायचा हंडा, मम्मी. असाच पडून होता माझ्याकडं."

"तुला पुण्यात एवढं पाणी कशाला लागायचं?"

"अंघोळीला," हर्ष म्हणाला अन् बॅग उघडायला आत पळाला.

त्या घरात माझे दिवस फार चांगले गेले. सकाळी संतोषबाई माझ्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधायच्या अन् लोट्यालोट्यानं पाणी गाळायच्या. लोटा हलायचा, निम्मं पाणी ओट्यावर जायचं, पण त्या पुटपुटत राह्यच्या अन् मी भरत राह्यचो. फक्त एक भांडण होतं, माझ्या बटणाचं. पहिला उकाळा आला रे आला की ते खटकन बंद व्हायचं. बाई पुन्हा दाबायच्या, ते जुमानायचं न्हाई. निवल्याशिवाय ते परत लागतच न्हाई. तीन उकाळ्यांना अर्धी सकाळ जायची.

हर्ष फोनवर म्हणाला, "मम्मी, एकदा उकळलं म्हणजे झालं. विज्ञान आहे ते."

"तीन म्हणजे तीन. विज्ञानाला सांग, थोडं थांब म्हणावं."

शेवटी जिनेंद्रसेठनी तोडगा काढला. आइस्क्रीमची लाकडी काडी घेतली अन् बटणाच्या फटीत ठोकून बसवली. बटण दाबलेलंच राह्यलं. आता मी एकदा सुरू झालो की कुणी भिंतीतली पिन काढेपर्यंत उकळतच राह्यचो. सेठ खूश, बाई खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? आपल्याला कुणी आवरणारं न्हाई, याचा आनंद कुणाला होत न्हाई?

अन् श्रावणातल्या एका सकाळी व्हायचं ते झालं. उपासाचा दिवस. संतोषबाईंनी मला सुरू केलं, नवऱ्याला सांगितलं, "जाताना तेवढी पिन काढा," अन् आतल्या खोलीत सामायिकाला बसल्या. सामायिक म्हणजे दोन घडी एका जागी बसून ध्यान. एकदा बसलं की आगीला, विजेला, कच्च्या पाण्याला शिवायचं न्हाई, अन् दुसऱ्याला 'ते बंद कर' असं सांगायचंही न्हाई. इकडं जिनेंद्रसेठना दुकानातून फोन आला, बियाण्याची गाडी आल्ती. गडबडीत ते पिन विसरले, बाईंना वाटलं ह्यांनी काढली.

माझा पहिला उकाळा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मंग चौथा. मंग मोजदाद संपली. त्या दिवशी पाणीही थोडंच भरलं होतं. मी झाकण आपटलं, वाफ सोडली, बोंब मारली. खोलीचं दार उघडं होतं, संतोषबाईंना सगळं ऐकू येत होतं. पण बाई हलल्या न्हाईत. माळेचा मणी तेवढा जल्दी जल्दी फिरत होता. पाणी संपलं. बूड लाल व्हायला लागलं. आतून काहीतरी तडकलं अन् काळा धूर निघाला.

शेजारच्या सत्यशीलाताईंना वास आला म्हणून त्या धावत आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात अन् संतोषबाईंशी त्यांचा रोजचा चहाचा घरोबा; उपासाच्या दिवशी चहा त्या एकट्याच पितात. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मंग कोरड्या पोत्यानं माझी पिन ओढली. आत जाऊन बघतात तर बाई डोळे मिटून बसलेल्या.

सामायिक पुरं झालं तेव्हा सत्यशीलाताई चांगल्याच तापल्या. "भाभी, घर पेटलं असतं!"

"पेटलं न्हाई न."

"मी आले म्हणून न्हाई!"

"तुम्ही येणार हे मला काय माहीत होतं?" असं म्हणून संतोषबाई ओट्याशी आल्या. माझ्याकडं बघितलं अन् त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी घरात पक्कं पाणी न्हाई. सत्यशीलाताई म्हणाल्या, मी उकळून देते. बाई नको म्हणाल्या अन् त्यांनी बिनपाण्याचा उपास काढला.

रात्री जिनेंद्रसेठनी मला उलटं केलं, वाजवून बघितलं. "बुडातच बंद केलेली कॉईल आहे. याला काही इलाज न्हाई. उद्या भंगारवाल्याला देतो." थोडं थांबून म्हणाले, "अन् तू आता ऐक माझं. आज आग लागली असती. पाय भाजला, हंडा जळाला, अजून काय व्हायचं राह्यलं? सोड हे तप. कुणी नावं ठेवणार न्हाई."

हे ते चिडून म्हणाले न्हाईत. त्यांचा आवाज भ्यालेला होता. म्हणूनच संतोषबाईंनी उलट उत्तर दिलं न्हाई. माझ्यासमोर येऊन उभ्या राह्यल्या. मी तर मनात धुराडी मोजायला लागल्तो.

"भंगारवाल्याला देऊ नका," त्या म्हणाल्या. "उद्या माझा जेवायचा दिवस आहे. मी जालन्याला जाऊन येते. ज्यानं केला, तोच सांगंल."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला जुन्या चादरीत बांधलं अन् दोघी बायका एसटीत बसल्या, मी दोघींच्या मधोमध. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं पण तिकीट काढावं लागंल, सीटवर बसलाय."

सत्यशीलाताई म्हणाल्या, "आजारी माणूस आहे, दवाखान्यात नेऊन राह्यलो. सवलत असंल तर सांगा."

हर्षनं फोनवर पत्ता सांगितला होता. फक्त एक गोष्ट सांगायचं टाळलं होतं. शेडमध्ये मच्छिंद्रनं चादर सोडली, मला उलटं केलं, स्वतःचं वेल्डिंग ओळखलं अन् आनंदानं ओरडला, "अरे, हा तर बियरचा हंडा!"

मला वाटलं, आता जमीन फाटावी.

"कशाचा?" संतोषबाई.

"बियरचा हो, मावशी. अंबडच्या जिनेंद्रसेठचं पोरगं आहे न, हर्ष, पुण्याला असतं ते. त्यानं बियर करायला बनवून नेल्ता. तुमच्याकडं कसा आला?"

"मी त्याची आई," संतोषबाई म्हणाल्या.

मच्छिंद्रनं उगाच पाना उचलला अन् उगाच खाली ठेवला. बाई बाकड्यावर बसल्या. इतके महिने त्या या हंड्यातलं पाणी पीत होत्या. उपासाचं पाणी. त्यांनी सत्यशीलाताईंकडं मोबाईल दिला, "लावा हर्षला. सगळ्यांना ऐकू येईल असा लावा."

"मम्मी, झाला का हंडा नीट?"

"हर्ष, माझ्या तपाची सौगन आहे तुला. बिलकुल खोटं बोलू नको. या हंड्यात दारू झाली का?"

मंग हर्ष म्हणाला, "न्हाई मम्मी. करायची होती. पण जवच करपला. यीस्ट टाकलंच न्हाई. एक थेंब झाली न्हाई. मंग मी घासून धुतला. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

मी मनात ओरडत होतो, खरं आहे, खरं आहे! पण थंड हंड्याचं कोण ऐकतंय?

संतोषबाईंनी माझं झाकण उचलून आत वाकून बघितलं. सत्यशीलाताईंनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "भाभी, आमच्या पंचशीलातही दारू वर्ज्यच आहे. तेव्हा फेकायचा म्हणाल तर मी तुमच्या बरोबर. ठेवायचा म्हणाल तरी तुमच्या बरोबर. पण माझ्या मते जव उकळून करपला म्हणजे फार तर जवाची पेज बिघडली."

"पेजच ती," संतोषबाई म्हणाल्या. मंग फोनकडं तोंड करून म्हणाल्या, "हर्ष, तू मनानं तर केली होती न? मंग प्रायश्चित्त तू घे. महिनाभर दर सोमवारी आयंबिल कर, एकदाच जेवायचं, बिनतेलाचं, बिनमिठाचं. माझं मी महासतीजींना विचारीन. हंड्याला मन न्हाई, त्यानं काय केलं?"

हंड्याला मन न्हाई! जन्मात पहिल्यांदा मी अपमान गोड मानून घेतला.

आता मच्छिंद्रला धीर आला. त्यानं ग्राइंडरनं माझ्या बुडाचा पत्रा कापून काढला. आत कॉईलचा नुसता कोळसा झाला होता. "मावशी, पुन्हा तशीच बुडाखाली बसवून देऊ का? आतून कोरा राह्यल. तुमच्यात पाण्याची स्वच्छता लई असते, धुवायला बरं पडंल. दुसरी तऱ्हा म्हणजे आतली कॉईल. तिच्यावर अंबडच्या पाण्याचा क्षार चढंल, दर काही दिवसांनी लिंबानं घासावी लागंल, अन् वायसर ढिला झाला तर गळंल."

"पण जळाली तर बदलता येते?"

"येते."

"कोणाला येते? तुम्हाला का मला?"

मच्छिंद्र गडबडला. "तुमच्या हाताला... नट घट्ट असतो हो. पाना लागतो."

संतोषबाईंनी आपला उजवा हात पुढं केला. तो हलत होता, त्यांनी तो लपवला न्हाई. "हा हात बघा. या हातानं निघंल अन् या हातानं बसंल, अशी करून द्या. तसं होत नसंल तर मला कोणतीच नको. धुवायचं, घासायचं मी बघून घेईन. दुसऱ्याची वाट बघायची, तेवढं मला जमत न्हाई."

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. मंग नटाला दोन बाजूंनी लांब पट्ट्या वेल्ड केल्या, चांगल्या वितभर. त्यांना तो कान म्हणाला. एका कानावर तळवा ठेवून अंगाचा भार टाकला की नट फिरतो. बोटांची ताकद लागत न्हाई. मंग त्यानं माझ्या पोटाला भोक पाडलं. दुखलं, खोटं सांगत न्हाई. पण कोळसा पोटाशी बांधून मिरवण्यापेक्षा भोक परवडलं. वायर इस्त्रीच्या वायरसारखी, ओढली की निघते. ते बंद होणारं बटण बाईंनी काढूनच टाकायला लावलं. मच्छिंद्रनं जुन्या चुकीची भरपाई म्हणून एक जादा कॉईल अन् दोन वायसर वर दिले.

सत्यशीलाताईंनी तिथंच दोन नियम घालून दिले. आधी पिन काढायची, मंगच हंड्याला हात लावायचा. अन् हंडा सुरू असताना सामायिकाला बसायचं न्हाई. पहिला नियम बाईंनी मान हलवून मान्य केला. दुसऱ्याला म्हणाल्या, "आता तुम्ही धर्म बी शिकवा मला." पण पाळला.

महासतीजींनी, म्हणजे बाईंच्या साध्वीजींनी, सगळं ऐकून घेतलं, हसल्या, अन् चार माळा जास्त करायला सांगितल्या. हर्ष पुण्यात सोमवारी बिनमिठाची डाळ खाऊन राह्यला. अन् मी उकळत राह्यलो. क्षार चढायचा, बाई लिंबानं घासायच्या. कधी गळायचो, बाई कानावर हात टाकून आवळायच्या. जिनेंद्रसेठ मात्र माझ्याकडं अजून संशयानंच बघायचे. रोज दुकानाला जाताना पिन स्वतः तपासायचे.

तप संपायला थोडेच दिवस राह्यले अन् ऊन भाजायला लागलं. जालन्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन ज्याला माहीत आहे, त्याला उपासाच्या दिवशी घशाचं काय होतं ते सांगायला नको. अशाच एका उपासाच्या सकाळी संतोषबाईंनी मला भरलं, पिन लावली, अन् मी तापलोच न्हाई. कॉईल गेल्ती. आदल्या दिवशी मी उकळत असतानाच व्होल्टेज वरखाली झालं होतं.

घरात कुणी न्हाई. सेठ दुकानात, सत्यशीलाताई शाळेत. बाई क्षणभर उभ्या राह्यल्या. मंग पिन काढली, तोटी सोडून पाणी बादलीत घेतलं, वायर ओढली अन् मला ओट्यावरून उतरवलं. उतरवलं म्हणजे छातीशी धरून जवळजवळ घसरवलंच. भुईवर बसल्या, मला दोन गुडघ्यांत धरलं अन् कानावर तळवा ठेवला.

नट हलला न्हाई. क्षारानं आटे धरले होते. त्यांनी भार टाकला; हात निसटला अन् बोट खरचटलं. पुन्हा टाकला. पुन्हा निसटला. पोटात आदल्या संध्याकाळपासून काही न्हाई, ओठ सुकलेले. त्या भिंतीला टेकल्या अन् मोठ्यानं म्हणाल्या, "हल की रे मेल्या!"

बाईंच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला काय, माझ्या हातात असतं तर मीच फिरलो असतो. तेवढ्यात मोबाईल वाजला. जिनेंद्रसेठ होते. "आवाज असा का येऊन राह्यलाय? काय झालं?"

"कॉईल गेली. बदलून राह्यले."

"तू? त्या हातानं? थांब, हात लावू नको, मी दुकान बंद करून येतो."

"या की," संतोषबाई म्हणाल्या. "जेवायला. नेहमीच्या वेळेला."

फोन ठेवला. लिंबाची अर्धी फोड आट्यांवर पिळली अन् नवकार मंत्र म्हणत बसल्या. मंग दोन्ही तळवे एकाच कानावर ठेवले अन् खांद्यापासून सगळा भार टाकला. करकर आवाज झाला. नट फिरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं अन् लगेच पुढच्या कामाला लागल्या. जुनी कॉईल काढली, नवी आत सोडली. वायसर हातातून सुटून फ्रिजखाली गेला. झाडूच्या काडीनं काढला. नट आवळला, मला पुन्हा छातीशी धरून ओट्यावर चढवलं, पाणी भरलं, गळतंय का बघितलं, थोडं गळत होतं, अजून आवळला.

मंग गाळलेलं पाणी, लोट्यालोट्यानं. मी तापलो. एवढ्या जोरात मी आयुष्यात तापलो न्हाई. पहिला उकाळा, दुसरा, तिसरा. बाईंनी तोटीतून पाणी परातीत सोडून गार केलं अन् सूर्य अजून पश्चिमेला कलला बी नव्हता तेव्हा पहिला पेला प्यायल्या. पेला हलत होता, थोडं पाणी हनुवटीवरून सांडलं. दारात जिनेंद्रसेठ उभे होते. जेवणाची वेळ व्हायच्या किती तरी आधी आल्ते, अंगावर घामाचा शर्ट, हातात दुकानाची किल्ली. ते आत आले न्हाईत. पाणी पिऊन होईपर्यंत तिथंच उभे राह्यले.

अक्षय्य तृतीयेला जैन स्थानकाच्या हॉलमध्ये पारणं झालं. बाकीच्या तपस्वींच्या पाण्यासाठी हर्ष मलाही घेऊन गेला, म्हणून मला सगळं बघायला मिळालं. उसाचा रस होता. घरच्या माणसांनी एकेक करून तपस्वीला रस पाजायचा, अशी रीत. हर्षनं पाजला. सत्यशीलाताई मागं उभ्या होत्या, त्यांना बाईंनी हात धरून पुढं ओढलं. शेवटी जिनेंद्रसेठ आले. त्यांनी पेला बाईंच्या हातात द्यायला पुढं केला. बायकोला कुणाच्या हातचं चालत न्हाई, हे वर्षभरात त्यांना पुरतं पाठ झालं होतं.

संतोषबाईंनी हात मांडीवरच ठेवले. "पाणी मी माझ्या हातानं प्याले," त्या म्हणाल्या. "आज रस तुमच्या हातानं."

सेठनी पेला त्यांच्या ओठाला लावला, अन् सगळ्या हॉलनं बघितलं, हात सेठचा कापत होता. रस बाईंच्या साडीवर सांडला. "मी तुझं तप मोडायला निघाल्तो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नीट धरा, सांडून राह्यलं."

आता मी परत ओट्यावर आहे. पोटाला भोक आहे, बुडाला कापल्याच्या खुणा आहेत, अन् दोन लांब कान आहेत, त्यांना येणारे-जाणारे हसतात. हसू द्या. तुमच्याही घरात एखादं भांडं बंद पडलं असंल, तर फेकायच्या आधी नेमकं काय जळालं तेवढं बघा. बाकीचं जीव धरून असतं. अन् माझ्यासाठी कधी भंगारवाल्याची गाडी दारात आलीच, तर माझं एक मागणं आहे. मला उचलायच्या आधी संतोषबाईंना विचारा. त्या हो म्हणाल्या, तर मी एक शब्द न बोलता भट्टीत जाईन. त्या हो म्हणायच्या न्हाईत.